तिसरं रीडिंग

विजेचा मीटर तपासताना रीडिंग तीन घ्यायची असतात. एक चुकू शकतं, दोन योगायोगानं जुळू शकतात, म्हणून तिसरं आल्याशिवाय कागदावर सही करायची नाही. वीज कंपनीच्या मिरजेतल्या मीटर टेस्टिंग विभागात मी चौतीस वर्षं काढली आणि दोन रीडिंगांवर एकदाही सही केली नाही. मोठे साहेब दारात गाडी चालू ठेवून उभे असले तरी नाही. पुढे मीटर स्वतःच स्वतःला तपासायला लागले आणि माझ्या टेबलाची गरज संपली, पण सवय काही सुटली नाही. निघताना कुलूप तीनदा ओढून बघणारा माणूस म्हणून सोसायटीत माझी थट्टा होते. माझी बायको उज्ज्वलाही करायची.

आता करत नाही, कारण आता तिला दोनच शब्द येतात. "असू दे."

फेब्रुवारीत तिला झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. मेंदूचा जो भाग शब्द जुळवतो नेमका तिथलाच रक्तपुरवठा तुटला होता. डॉक्टर म्हणाले, अशा आजारात बरेचदा एखादाच शब्द मागे उरतो आणि पेशंट सगळ्याला तोच वापरतो, त्याचा अर्थ लावत बसू नका. उज्ज्वलाच्या वाट्याला आयुष्यभराचं पाठ झालेलं "असू दे" आलं. चहा हवा का? असू दे. पाठ दुखते का? असू दे. मान हलवून सांग म्हटलं तर मान दोन्हीकडे हलायची. बोटानं दाखव म्हटलं तर डावा हात उचलायची आणि मध्येच विसरल्यासारखा खाली ठेवायची.

स्पीच थेरपिस्ट गौतमी शिरगुप्पे आमच्या ऋजुताच्याच वयाची. ऋजुता म्हणजे आमची मुलगी, हैदराबादला असते. गौतमीनं मला बाहेर नेऊन स्पष्ट सांगितलं. "काका, पहिले तीन महिने सोन्याचे. मेंदू आत्ता नवे रस्ते शोधतोय. काकूंना सारखं काहीतरी निवडू द्या. हे गाणं की ते, हा रंग की तो. निवडणं थांबलं ना, की हळूहळू हवं असणंच थांबतं. मग माणूस जेवायचंसुद्धा सोडतो."

जेवण कमी व्हायला लागलंच होतं. चार घासांवरून ती तीनवर आली होती.

निवडायचं म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिल्यांदा आला तो टीव्ही. यात माझा काही दोष आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. आमच्या घरात दुसरं होतं काय? हॉलची एक अख्खी भिंत पडद्यानं व्यापलेली, चार कोपऱ्यांत चार स्पीकर, पाचवा पडद्याखाली. ॲम्प्लिफायर मी स्वतः जुळवलेला. सगळ्यांचे मिळून सात रिमोट, सातही अजून कंपनीच्या प्लॅस्टिकमध्ये, सागवानी ट्रेमध्ये उंचीप्रमाणे लावलेले. त्या ट्रेला उज्ज्वलानं सदतीस वर्षांत हात लावला नव्हता. काय लावू विचारलं की म्हणायची, "तुम्ही लावाल ते." मित्रांची घरं सिरियल की मॅच यावरून पेटायची, तेव्हा मी उज्ज्वलाचं उदाहरण द्यायचो. नशीबवान आहेस लेका, असं ते म्हणायचे आणि मला ते पटायचं.

एक सहावा स्पीकरही होता, स्वयंपाकघरात. संध्याकाळी ऐन रंगात आलेला कार्यक्रम सोडून ही मागच्या गॅलरीत भाजी निवडत बसायची. मेथीच्या एका जुडीला दीड तास लागतो का? तिला लागायचा. दिवासुद्धा लावायची नाही. मी हॉलमधून हाका मारायचो, अगं ये ना, संपेल आता. शेवटी तिचं काही चुकू नये म्हणून मी भिंतीला भोक पाडून वायर नेली आणि गॅलरीच्या दाराशी स्पीकर बसवून दिला. तेव्हाही ती "असू दे" म्हणाली होती. तेव्हा तिला बाकीचे शब्दही येत होते.

दवाखान्यातून आणल्यावर तिचा पलंग मी हॉलच्या बरोबर मध्यावर लावला. टेप घेऊन पाचही स्पीकरपासूनचं अंतर मोजलं. आवाज सगळ्यात सुरेख ऐकू येतो ती जागा.

सात रिमोट काही तिला झेपणार नव्हते. सगळ्यांचं काम करणारा एकच रिमोट हवा होता. मी रीतसर कागदावर रकाने आखले, आठ दिवस माहिती वाचली, आणि इरफान मुजावरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो. इरफान पन्नाशीचा, हाडाचा कारागीर. मी नोकरीत असताना त्याच्या दुकानाचा मीटर मीच तपासला होता, त्यामुळे मला अजून साहेब म्हणतो. त्यानं काउंटरवर तीन रिमोट मांडले. पहिला बटणांचा, चौसष्ट बटणं. ती मलाच पाठ करावी लागली असती. दुसरा बोलून चालणारा. त्याला "असू दे" म्हटलं तर तो काय करणार? तिसरा गोट्यासारखा गुळगुळीत, बटण एकही नाही. नाव "कौल".

"हा हातात धरायचा फक्त," इरफान म्हणाला. "बोलता न येणाऱ्यांसाठीच काढलाय, साहेब."

त्यानं समजावलं ते माझ्यासारख्याला पटण्याजोगंच होतं. एखादी गोष्ट आपल्याला हवी असते तेव्हा ते आपल्याआधी आपल्या हाताला कळतं. बटण दाबायचं मनाशी ठरण्याच्या अर्धा सेकंद आधीच मनगटातले स्नायू तयारीला लागलेले असतात. त्यांच्यात जी वीज उठते ती इतकी बारीक, की माझ्या टेबलावरच्या कुठल्याच यंत्राला ती सापडली नसती. त्याच वेळी तळव्याच्या कातडीखालचं रक्त जरासं सरकतं, घाम किंचित वाढतो. कौलच्या पाठीवर हे टिपायला सोळा धातूच्या टिकल्या आणि एक बारीक खिडकी होती. मनातलं त्याला काही वाचता येत नाही. त्याला दोनच गोष्टी कळतात. हे हवं की नको, आणि किती जोरात.

मग तो घरातल्या यंत्रांना हळूच हलवून बघतो. आवाज थोडा चढवतो आणि हात काय म्हणतो ते पाहतो. कार्यक्रम बदलतो, परत पाहतो. कोकणात देवाला कौल लावतात तसंच. मूर्तीला चिकटवलेली उजवीकडची कळी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. देव काही वाक्य बोलत नाही, त्यामुळे विचारणाऱ्यानं प्रश्न नीट विचारावा लागतो.

कडेला तांदळाएवढा दिवा होता. हाताला हवं तेच चाललं असेल तर हिरवा. काहीतरी हवंय, पण ते देणारं यंत्र घरात सापडत नसेल तर केशरी. "केशरी झाला तर घाबरू नका," इरफान म्हणाला. "त्याला काय हवंय ते कळत नाही. किती हवंय तेवढं कळतं."

मी तिथल्या तिथे निवडला. इतकी अचूक निवड मी जन्मात केली नसेल, असं परतताना रिक्षात मला वाटत होतं.

घरी आल्यावर तो तिच्या डाव्या हातात दिला. समोर माझ्या आवडीची जुनी मॅच चालू होती. मिनिटभरात आवाज बारीक होत गेला, मग पडदाच काळा झाला. मी रिमोट काढून घेतला. पकड कमकुवत, संपर्क तुटला असणार. तसंही वस्तूला अजून हळदकुंकू वाहिलं नव्हतं. नवं यंत्र पूजा केल्याशिवाय आमच्या घरात सुरू होत नाही. मिक्सर, फ्रिज, माझा ॲम्प्लिफायर, सगळ्यांना कुंकवाचं बोट लागलेलं आहे. मी पाटावर रिमोट ठेवला, पलंगाशेजारी बसलो, आणि सत्यनारायणाला गुरुजी सांगतात तसं तिला म्हणालो, "हाताला हात लाव."

पूजा नवऱ्यानं करायची आणि बायकोनं त्याच्या हाताला हात लावून बसायचं, म्हणजे ती दोघांची होते. लग्नापासून आमच्या सगळ्या पूजा अशाच झाल्या. तिनं डावा हात उचलून माझ्या मनगटावर ठेवला. सांगितलेलं तिला समजलं म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हळदकुंकू वाहून झाल्यावर मी रिमोट तसाच हातात घेतला. तिचा हात मनगटावर होताच. आणि मला युक्ती सुचली. तिला धरता येत नसेल तर मी धरतो. शरीर विजेचं वाहक आहे, माझ्यामार्फत तिची वीज पोचेल. चौतीस वर्षं विजेत काढलेल्या माणसाला हे सुचावं, यात मला काही नवल वाटलं नाही.

दहा मिनिटं आम्ही तसेच बसलो. कौल शिकला. दिवा हिरवा झाला.

आणि काय सांगू, कमाल झाली. त्यानं लावलं ते एक जुनं नाट्यपद. मग मॅच. मग कोर्टातल्या खटल्यांची मालिका, जी मी तिसऱ्यांदा बघत होतो. सगळं माझ्या आवडीचं! दुसऱ्या संध्याकाळी तेच, तिसऱ्या संध्याकाळी तेच. तीन रीडिंग झाली. मी ऋजुताला फोन करून सांगितलं की तुझ्या आईची आणि माझी आवड शंभर टक्के एक आहे, यंत्रानं सिद्ध केलंय. तीस वर्षांपूर्वी सिरियलवरून भांडणाऱ्या मित्रांनाही मुद्दाम कळवलं. रोज संध्याकाळी सहा वाजले की माझ्या हातात कौल, माझ्या मनगटावर तिचा हात, आणि दिवा हिरवागार. उज्ज्वला समोर बघत असायची. मध्ये मध्ये "असू दे" म्हणायची. मी तिला स्कोअर समजावून सांगायचो.

जेवण मात्र तीनाचे दोन घास झालं. गौतमी विचारायची, काका, निवडायला लावताय ना? मी म्हणायचो, रोज चार चार तास.

मेच्या शेवटी इरफान तपासणीला आला. खरेदीनंतर दोन महिन्यांनी एक फेरी फुकट असते. त्यानं आम्हाला तसं हाताला हात लावून बसलेलं पाहिलं आणि तो दारातच थांबला. मग त्यानं कौल आपल्या फोनला जोडला. बराच वेळ खाली बघत राहिला. मी म्हटलं, काय, बिघाड आहे का? त्यानं फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर एक ओळ होती.

या घरातली माणसं: एक.

"साहेब, हा ज्या तळव्यात असतो तेवढाच हात वाचतो," इरफान हळू आवाजात म्हणाला. "वरून ठेवलेला हात त्याला दिसतच नाही. हे सगळं तुमचंच आहे."

मी त्याच्याशी वाद घातला. वाहक, रोध, प्रवाह, सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. तो भला माणूस आहे, मला खोडून काढलं नाही. पण बोलता बोलता माझ्या डोक्यात तारखा जुळत होत्या. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे. सोन्याचे तीन महिने संपले होते, आणि त्यातले दोन मी माझीच आवड तिच्यासमोर लावून, ती तिची आहे असं जगाला सांगत घालवले होते.

इरफाननं कौल पुसून पहिल्यापासून सुरू केला. तिच्या डाव्या तळव्यात ठेवून मऊ पट्ट्यानं बांधला. म्हणाला, "साहेब, तुम्ही जरा आत थांबा. शिकताना शेजारी कुणी नसलेलं बरं." मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. हॉलमध्ये माझंच नाट्यपद चालू होतं. आधी ते बारीक झालं. मग एकेक स्पीकर बंद होताना येणारा बारीक टक् आवाज ऐकू आला. मी मोजत होतो. एक, दोन, तीन, चार, पाच. शेवटी माझ्या कानाशेजारचा, भिंतीला भोक पाडून बसवलेला सहावा बंद झाला.

इतकी शांतता मी त्या घरात पहिल्यांदा ऐकली. खाली कुणीतरी बादली भरत होतं, आणि शेजारच्या शेवग्यावर एक पक्षी बोलत होता. तो कुठला ते मला माहीत नाही, मी कधी ऐकलाच नव्हता.

इरफाननं बोलावलं तेव्हा पडदा काळा होता. दिवा हिरवा होता, असं तो म्हणाला. मी पलंगाजवळ जाऊन वाकून पाहिलं तर केशरी. इरफानही चमकला. "आत्ता हिरवा होता," तो म्हणाला. "अजून काहीतरी हवंय काकूंना. बघा, सापडेल."

मग मी शोधायला लागलो. आणखी काय करणार होतो? कौलला जोडता येईल असं जे जे मिळालं ते आणलं. पडदे सरकवणारी मोटर आणली. उशाकडून उचलला जाणारा पलंग आणला. वास सोडणारं एक नवं यंत्र निघालंय, त्यात बकुळ, कापूर आणि कढीच्या फोडणीचा वास येतो, तेही आणलं. कौल एकेक यंत्र हलवून बघायचा आणि बंद करायचा. मी शेजारी बसून दिव्याकडे बघत राहायचो. केशरी.

यंत्रं संपली तेव्हा मी तोंडानं विचारायला लागलो. गौतमी म्हणाली होती की साधं बोलणं तिला बरंचसं समजतं. चहा? केशरी. ऋजुताला बोलावू? ऋजुता दोन दिवसांची रजा काढून आली, आईचे केस विंचरले, मी शेजारी बसून पाहत होतो. केशरी. माहेरच्या आठवणी काढल्या, जत्रेची, नदीची. केशरी. चाकाच्या खुर्चीवर घालून मागच्या गॅलरीत नेलं, मांडीवर मेथीची जुडी दिली, गॅलरीतला दिवा मालवला. ती डाव्या हाताच्या बोटांनी पानं चाचपत राहिली. आता तरी होईल, म्हणून मी तिच्या पायाशी बसून दीड तास थांबलो.

"काय हवंय गं तुला?" मी विचारलं.

"असू दे," ती म्हणाली.

मला राग आला. खोटं कशाला बोलू, तो दिवा भिंतीवर फोडावासा वाटला. सदतीस वर्षं या बाईनं मला काय हवंय ते सांगितलं नाही आणि आता सांगायची वेळ आली तर वाचा गेली. मग माझी मलाच लाज वाटली. सदतीस वर्षांत मी किती वेळा थांबून विचारलं होतं? काय लावू, एवढंच विचारायचो. आणि ते विचारतानाही माझा अंगठा बटणावर असायचा.

दिवसा तिचं करायला मालगावहून सुलामावशी येतात, तेव्हा मी बाहेरची कामं उरकून घेतो. जून अर्धा सरला होता. एके दुपारी मी औषधं घेऊन परतलो तर मावशी ताट घासायला नेत होत्या. ताट रिकामं होतं. मी विचारलं, किती जेवली? त्या म्हणाल्या, अर्धी भाकरी आणि वाटीभर आमटी. माझा विश्वास बसेना. संध्याकाळी मी भरवतो तेव्हा दोन घासांवर तिसरा जात नाही. मावशी म्हणाल्या, दुपारचं गेले पंधरा दिवस बरं चाललंय.

मला आशा वाटली. म्हटलं, मावशी, तुम्ही काय करता नेमकं? तो दिवा कधी हिरवा झालेला पाहिलात का?

"दिवा?" मावशींनी ताट टेकवलं. "हिरवाच असतोय की. मला वाटलं, चालू असल्याची खूण हाय ती. केशरी कधी हुतोय?"

मावशी घरी गेल्या. मी स्वयंपाकघरातच उभा राहिलो.

तिथून पलंग सरळ दिसत नाही, पण हॉलमधल्या शोकेसच्या काचेत दिसतो. उज्ज्वला उशाला टेकून बसली होती. खिडकीकडे बघत होती. पट्टा बांधलेला डावा हात चादरीवर होता, आणि काचेत त्यावर एक हिरवा ठिपका दिसत होता. माझं चुकत असेल म्हणून मी चष्मा पुसला. हिरवाच. मी साठ अंक मोजले. मग हॉलमध्ये गेलो, पलंगाजवळ उभा राहिलो आणि दिव्याकडे पाहिलं. केशरी.

हे पहिलं रीडिंग.

एका रीडिंगाला काही अर्थ नसतो. माझ्या चपलांचा आवाज असेल, औषधांच्या पिशवीचा वास असेल, अचानक कुणी आलं की रक्त सरकतंच. मी परत आत आलो. चपला काढल्या. पिशवी ठेवली. हात धुतले. काचेत बघत थांबलो. ठिपका थोड्या वेळानं हिरवा झाला आणि तसाच राहिला. या वेळी मी पाच मिनिटं जाऊ दिली. मग अनवाणी, भिंतीच्या कडेनं, तिला आधी दिसेन अशा बेतानं सावकाश गेलो. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता, ते मी शपथेवर सांगतो. नेहमीसारखीच बघत होती, चहा घेताय ना, असं विचारल्यासारखी. ठिपका केशरी झाला होता.

दुसरं रीडिंग.

मी स्वयंपाकघरात परतलो आणि गॅलरीतल्या तिच्या स्टुलावर बसलो. बुटकं आहे ते, गुडघे छातीशी येतात. समोर शेवगा होता. इतकी वर्षं ती इथे काय बघत होती ते मी बघायचा प्रयत्न केला, पण मला शेवग्याशिवाय काही दिसलं नाही. मीटरवाल्या डोक्यानं मी विचार करायला लागलो, कारण दुसरं डोकं माझ्यापाशी नाही.

केशरी म्हणजे काय? काहीतरी हवंय आणि मिळत नाहीये. मी समोर आलो की तिला काहीतरी हवंसं होतं, जोरात हवंसं होतं. ते काय असेल? मी जावं, हे असू शकतं. पण मला काहीतरी सांगायचं असेल, आणि ते सांगणारं यंत्र घरात नाही म्हणून दिवा पेटत असेल, हेही असू शकतं. माणूस ज्याच्याशी बोलायचंय त्यालाच पाहून तळमळेल, सुलामावशींना पाहून कशाला तळमळेल? दोन्हींचं रीडिंग एकच. इरफान म्हणालाच होता, काय ते कळत नाही, किती तेवढं कळतं.

आणि मग माझ्या लक्षात आलं की वेगळं काढता येतं. अगदी सोपं आहे. तिला सगळं विचारून झालं होतं, चहापासून माहेरापर्यंत. एकच प्रश्न विचारायचा राहिला होता. पलंगाशी जायचं, तिच्या डोळ्यांत बघायचं आणि म्हणायचं, उज्ज्वला, मी इथून जाऊ का? आणि दिव्याकडे बघायचं. विचारताक्षणी हिरवा झाला तर एक उत्तर. केशरीच राहिला तर दुसरं. नीट विचारलेला प्रश्न, स्वच्छ उत्तर. चौतीस वर्षांत इतकी सरळ टेस्ट माझ्या टेबलावर आली नसेल.

मी उठलो. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेलो. काचेत हिरवा ठिपका दिसत होता, आणि तिच्या हाताची बोटं चादरीवर हळूहळू हलत होती, मेथीची पानं खुडल्यासारखी. पाऊल काही पुढे पडेना. मी स्वतःला सांगितलं, ती जेवतेय, तिला बरं वाटतंय, तिला आत्ता कशाला त्रास द्यायचा. हे कारण खरंही होतं. पण त्या कारणासाठी मी थांबलो नव्हतो.

फोन वाजला. ऋजुता होती. मी आवाज बारीक करून गॅलरीत गेलो आणि मागे दार ओढून घेतलं.

"बाबा, आवाज का असा? आई बरी आहे ना?"

मी म्हटलं, बरी आहे. अर्धी भाकरी खाल्ली.

"अरे वा." तिला किती बरं वाटलं ते तिच्या श्वासातच कळलं. "म्हणजे सापडलं? काय हवं होतं तिला?"

दाराच्या फटीतून काच दिसत होती. मी स्टुलावर बसलो.

"टेस्टिंग चालू आहे," मी म्हणालो. "अजून एक रीडिंग बाकी आहे."